जॅक्सन काउंटीतील टोर्नेडोंचा इतिहास : नोंद, संज्ञा आणि पूर्वसूचना

प्रस्तावना

नैसर्गिक आपत्तींचा इतिहास लिहिताना आपत्तीची तीव्रता आणि मृतांची संख्या यांचा थेट संबंध बहुधा गृहीत धरला जातो. वादळ जितके मोठे तितकी हानी मोठी, असा हा साधा हिशेब असतो. एखाद्या लहान प्रदेशाचा दीर्घ कालखंड अभ्यासला म्हणजे मात्र हा हिशेब अपुरा असल्याचे ध्यानात येते. प्रस्तुत लेखात अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील इलिनॉय राज्यातील जॅक्सन काउंटी या ग्रामीण भागाचा, तेथील टोर्नेडोंच्या संदर्भात विचार केला आहे. वाऱ्याच्या वेगाइतकेच वादळाचे नाव, त्याची नोंद आणि त्याची पूर्वसूचना हे घटकही मनुष्यहानी ठरवितात, हे या काउंटीच्या उदाहरणावरून स्पष्ट करणे हा लेखाचा उद्देश आहे.

‘काउंटी’ हा अमेरिकेतील राज्याखालचा प्रशासकीय घटक होय. स्थानाच्या दृष्टीने तो आपल्या जिल्ह्याशी जुळतो. लोकसंख्येच्या दृष्टीने मात्र कित्येकदा तालुक्याहूनही लहान असतो. जॅक्सन काउंटीची स्थापना १८१६ मध्ये, म्हणजे इलिनॉयला राज्याचा दर्जा मिळण्याच्या दोन वर्षे आधी झाली. तिची पश्चिम सीमा मिसिसिपी नदीने आखली आहे. मर्फिसबरो हे मुख्य ठाणे, तर कार्बनडेल हे विद्यापीठाचे गाव. २०२० च्या जनगणनेनुसार संपूर्ण काउंटीची लोकसंख्या सुमारे ५३ हजार होती. नदीकाठची सुपीक सपाट जमीन, दक्षिणेकडील वनाच्छादित टेकड्या आणि विखुरलेली लहान गावे असे तिचे स्वरूप आहे.

संज्ञेचा प्रश्न

मराठी वाचकासाठी प्रथम संज्ञेचा उलगडा करणे आवश्यक आहे. मराठी वृत्तपत्रांतून टोर्नेडोसाठी अनेकदा ‘चक्रीवादळ’ हा शब्द वापरला जातो. तो गैरसमज निर्माण करणारा आहे. चक्रीवादळ उष्ण समुद्रावर जन्मते, त्याचा व्यास शेकडो किलोमीटर असतो आणि ते अनेक दिवस टिकते. ३ जून २०२० रोजी रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आलेले ‘निसर्ग’ हे चक्रीवादळ होते. ते किनाऱ्यावर येण्यापूर्वीच त्याच्या मार्गाचा अंदाज जाहीर झाला होता. टोर्नेडो हा याहून सर्वस्वी निराळा प्रकार आहे. गडगडाटी मेघाच्या तळापासून जमिनीपर्यंत पोहोचणारा, अत्यंत वेगाने फिरणारा हवेचा स्तंभ म्हणजे टोर्नेडो. त्याची रुंदी बहुधा काही दशक ते काही शतक मीटर असते आणि आयुष्य मिनिटांत मोजले जाते. मराठीत यासाठी ‘घूर्णवाती वादळ’ अशी संज्ञा योजली गेली, परंतु ती रूढ झाली नाही. उन्हाळ्यात शेतात उठणारी वावटळ दिसायला तशीच असली, तरी तिचा मेघाशी संबंध नसतो; ती तापलेल्या जमिनीवर तयार होते.

हा घोळ केवळ मराठीतला नाही. ‘सायक्लोन’ ही संज्ञा हेन्री पिडिंग्टन यांनी कलकत्त्यात राहून बंगालच्या उपसागरातील वादळांचा अभ्यास करताना योजिली आणि १८४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथातून ती खलाशांपर्यंत पोहोचविली. पुढे अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातील शेतकरी टोर्नेडोलाच ‘सायक्लोन’ म्हणू लागले. १८९६ मध्ये सेंट लुइस शहरात अडीचशेहून अधिक बळी घेणारा टोर्नेडो तेथील लोकांच्या तोंडी ‘महासायक्लोन’ म्हणूनच राहिला. घराशेजारी जमिनीत खोदलेल्या आश्रयाच्या तळघरालाही ‘सायक्लोन तळघर’ म्हटले जाई. त्यामुळे जुन्या कागदपत्रांत ‘सायक्लोन’ हा शब्द आढळला म्हणजे त्याचा अर्थ संदर्भाने ठरवावा लागतो. या प्रदेशाच्या वादळ-इतिहासातील ही पहिली अडचण होय.

टोर्नेडो निर्माण होण्याची कारणे

या भागात टोर्नेडो का होतात? मेक्सिकोच्या आखाताकडून येणारी उबदार, बाष्पयुक्त हवा मिसिसिपीच्या खोऱ्यातून उत्तरेकडे सरकते. तिच्यावर पश्चिमेकडून कोरडी व थंड हवा येते. खाली उबदार व वर थंड अशी रचना झाली की हवा अस्थिर होते आणि वेगाने वर चढू लागते. परंतु एवढ्याने केवळ गडगडाटी पाऊस होईल. टोर्नेडोसाठी आणखी एक गोष्ट लागते. जमिनीलगतचा वारा आणि उंचावरचा वारा यांच्या दिशेत व वेगात मोठा फरक असावा लागतो. या फरकामुळे हवेत आडवी गिरकी निर्माण होते. वर चढणारा प्रवाह तिला उभी करतो आणि संपूर्ण मेघच स्वतःभोवती फिरू लागतो. अशा दीर्घजीवी फिरत्या मेघास ‘सुपरसेल’ म्हणतात. बहुतेक तीव्र टोर्नेडो सुपरसेलमधून जन्मतात. मात्र प्रत्येक सुपरसेल टोर्नेडो देतोच असे नाही. असे का, याचे पूर्ण उत्तर शास्त्रज्ञांना अद्याप मिळालेले नाही.

दक्षिण इलिनॉयमध्ये हे घटक वसंत ऋतूत वारंवार एकत्र येतात. तथापि वर्षाच्या इतर महिन्यांतही हा धोका संपूर्णपणे टळत नाही, हे पुढे दिसून येईल.

१८ मार्च १९२५

या काउंटीच्या इतिहासातील सर्वांत भीषण दिवस म्हणजे बुधवार, १८ मार्च १९२५. त्या दिवशी दुपारी एकच्या सुमारास मिसूरी राज्यातील एलिंग्टन गावाजवळ एक टोर्नेडो जमिनीवर उतरला. ईशान्य-पूर्व दिशेने सुमारे ताशी १०० किलोमीटर या सरासरी वेगाने जात त्याने मिसिसिपी नदी ओलांडली, दक्षिण इलिनॉय पार केले आणि साडेतीन तासांनंतर इंडियाना राज्यात तो विरला. तीन राज्यांतून गेल्यामुळे तो ‘त्रिराज्य टोर्नेडो’ या नावाने ओळखला जातो. त्याच्या मार्गाची लांबी २१९ मैल, म्हणजे सुमारे ३५२ किलोमीटर मानली गेली. मृतांची रूढ संख्या ६९५ असून अमेरिकेच्या इतिहासात एकाच टोर्नेडोने घेतलेले हे सर्वाधिक बळी होत.

या मार्गावर जॅक्सन काउंटीतील तीन गावे एका रांगेत होती. नदीजवळचे गॉरहॅम प्रथम सापडले. तेथील जवळजवळ सर्व इमारती नष्ट झाल्या आणि तीसहून अधिक माणसे दगावली. त्यानंतर अवघ्या काही मिनिटांत मर्फिसबरोची पाळी आली. रेल्वेची मोठी कर्मशाळा असलेल्या या गावात २३४ जण मृत्युमुखी पडले. एका टोर्नेडोत एकाच शहरात इतके मृत्यू अमेरिकेत अन्यत्र झालेले नाहीत. वादळामागोमाग आगी लागल्या आणि त्यांनी उरलेसुरले गिळले. मर्फिसबरोच्या पुढचे डी सोटो हे हजाराहून कमी वस्तीचे खेडे. तेथे ६९ मृत्यू झाले आणि त्यांपैकी ३३ शाळेतील मुले होती. शाळा भरलेली असताना दुपारी अडीच-पावणेतीनच्या सुमारास इमारत कोसळली. एका शाळेतील टोर्नेडोबळींची ही अमेरिकेतील सर्वांत मोठी संख्या होय.

या मृत्यूंची कारणे तपासताना तीन गोष्टी लक्षात घ्याव्या लागतात. पहिली गोष्ट वादळाच्या रूपाची. टोर्नेडो म्हणजे आकाशातून लोंबणारी सोंड, असे चित्र लोकांच्या मनात होते. त्या दिवशी अनेकांना अशी सोंड दिसलीच नाही. जमिनीला टेकलेला, घुसळणारा काळा ढग किंवा दाट धुके पुढे सरकत असल्याचे वर्णन प्रत्यक्षदर्शींनी केले. ज्यांनी ते पाहिले त्यांनाही ते काय आहे हे वेळीच उमगले नाही.

दुसरी गोष्ट आश्रयाची. शेजारच्या फ्रँकलिन काउंटीतील वेस्ट फ्रँकफर्ट हे कोळसाखाणींचे गाव. वादळाच्या वेळी तेथील बरेच पुरुष खाणीत, जमिनीखाली कामावर होते. ते वाचले. वर आले तेव्हा घरे नव्हती आणि मृतांमध्ये स्त्रिया व मुले यांची संख्या मोठी होती. एकाच गावातील, एकाच वादळातील हा भेद वाऱ्याच्या वेगाने स्पष्ट होत नाही. माणूस त्या क्षणी कोठे होता यानेच तो स्पष्ट होतो.

तिसरी गोष्ट पूर्वसूचनेची, आणि ती सर्वांत महत्त्वाची आहे. मिसूरीतील अ‍ॅनापोलिस हे गाव सव्वा वाजण्याच्या सुमारास उद्ध्वस्त झाले. मर्फिसबरोवर वादळ येईपर्यंत त्यानंतर तास-सव्वा तास गेला. त्या काळी तार होती, दूरध्वनी होता, रेल्वेची स्वतंत्र संदेशव्यवस्था होती. परंतु एका गावावर आलेले संकट पुढील गावास कळविण्याचे काम कोणाकडेही सोपविलेले नव्हते. डी सोटोच्या शाळेस सूचना मिळाली नाही, कारण सूचना देणारी यंत्रणाच अस्तित्वात नव्हती.

निषिद्ध शब्द

ही यंत्रणा का नव्हती याचे उत्तर शोधताना चार दशके मागे जावे लागते. अमेरिकेत हवामानाचे काम प्रथम सैन्याच्या संदेशदलाकडे होते. तेथील जॉन पार्क फिन्ली या अधिकाऱ्याने १८८४ मध्ये टोर्नेडोचे प्रायोगिक अंदाज वर्तविण्यास प्रारंभ केला. आपले अंदाज ९६.६ टक्के अचूक ठरल्याचा त्याचा दावा होता. या दाव्यावर भूवैज्ञानिक जी. के. गिल्बर्ट यांनी त्याच वर्षी टीका केली. ती संख्याशास्त्राच्या अध्यापकांनी वर्गात सांगावी अशी आहे.

फिन्लीच्या एकूण २,८०३ अंदाजांपैकी २,६८० वेळा ‘टोर्नेडो होणार नाही’ असे म्हटले होते आणि तो झाला नाही. ‘होईल’ असे १०० वेळा म्हटले. त्यांपैकी २८ वेळा तो झाला आणि ७२ वेळा झाला नाही. आणखी २३ वेळा टोर्नेडो झाला, पण अंदाजात तो नव्हता. बरोबर ठरलेले अंदाज २,७०८, म्हणजे ९६.६ टक्के, हे गणित चूक नाही. परंतु प्रत्येक वेळी डोळे मिटून ‘होणार नाही’ असे म्हटले असते, तर २,७५२ अंदाज बरोबर ठरले असते, म्हणजे ९८.२ टक्के! दुर्मीळ घटनेच्या बाबतीत एकूण अचूकतेची टक्केवारी निरर्थक असते, हा धडा या वादातून मिळाला. अंदाजाच्या मूल्यमापनाचे शास्त्र पुढे विकसित झाले, त्याचा आरंभ येथे मानला जातो. त्याचबरोबर दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. एकूण ५१ वेळा टोर्नेडो झाले आणि त्यांपैकी २८ वेळा फिन्लीने ते आधी सांगितले होते. उपग्रह व रडार नसलेल्या काळात हे यश नगण्य म्हणता येणार नाही.

तथापि प्रयोग पुढे गेला नाही. टोर्नेडोच्या अंदाजाने लोकांत घबराट माजेल आणि प्रत्यक्ष वादळापेक्षा तीच अधिक हानी करील, या भूमिकेतून १८८० च्या दशकाच्या उत्तरार्धात अंदाजात ‘टोर्नेडो’ हा शब्द वापरण्यास मनाई झाली. पुढे हे काम नागरी हवामान खात्याकडे आले, तरी मनाई कायम राहिली. १९३८ मध्ये ती नियमांतून गेली. प्रत्यक्षात मात्र खात्याचा संकोच १९५० पर्यंत टिकला. १८ मार्च १९२५ च्या सरकारी अंदाजात टोर्नेडोचा उल्लेख नव्हता तो यामुळेच.

येथे विवेकाने निर्णय दिला पाहिजे. मनाई नसती तर १९२५ चे सर्व बळी वाचले असते, असे म्हणता येणार नाही. वातावरणाच्या वरच्या थरांची माहिती देणारी साधने त्या काळी अपुरी होती आणि कोणत्या गावावर वादळ येईल हे कोणालाही सांगता आले नसते. परंतु मनाईचा परिणाम त्या एका दिवसापुरता नव्हता. ज्या घटनेचा अंदाज वर्तवायचाच नाही, तिच्या निरीक्षणाची साखळी उभी राहत नाही. तिची लक्षणे लोकांना शिकविली जात नाहीत. तिच्यासाठी शाळेत तळघर बांधण्याचा आग्रह धरला जात नाही. चार दशकांच्या मौनाची किंमत ती हीच.

मौनाचा शेवट

बदल घडला तो सैन्याच्या विमानतळावर. ओक्लाहोमातील टिंकर हवाई तळावर २५ मार्च १९४८ रोजी अर्नेस्ट फॉबुश व रॉबर्ट मिलर या अधिकाऱ्यांनी टोर्नेडोचा अंदाज वर्तविला आणि तो त्याच दिवशी खरा ठरला. १९५० मध्ये हवामान खात्याच्या प्रमुखांनी ‘टोर्नेडो’ शब्दाविषयीचा संकोच दूर करणारे पत्र काढले आणि १९५२ च्या मार्चमध्ये खात्याने जनतेसाठी असा अंदाज प्रसृत केला. ९ एप्रिल १९५३ रोजी खुद्द इलिनॉय राज्यातील शँपेन येथे रडारच्या पडद्यावर टोर्नेडोशी निगडित आकडीसारखी आकृती प्रथम टिपली गेली. शिकागो विद्यापीठातील टेत्सुया फुजिता यांनी १९७१ मध्ये हानीवरून टोर्नेडोची तीव्रता ठरविणारी श्रेणी मांडली. त्रिराज्य टोर्नेडोस नंतरच्या अभ्यासकांनी तिच्यातील सर्वोच्च, म्हणजे एफ-५ ही श्रेणी दिली. तिची सुधारित आवृत्ती २००७ पासून वापरात आली.

जॅक्सन काउंटीवरील संकटे मात्र थांबली नव्हती. १८ डिसेंबर १९५७ रोजी, ऐन हिवाळ्यात, दक्षिण इलिनॉयमध्ये टोर्नेडोंची मालिका झाली आणि मर्फिसबरोला पुन्हा तडाखा बसला. या खेपेसही माणसे दगावली. परंतु मृतांची संख्या १९२५ च्या तुलनेत फारच कमी होती. लगतच्या विल्यमसन काउंटीतील मॅरियन येथे २९ मे १९८२ रोजी दहा जणांचा बळी गेला. त्याच टापूतील हॅरिसबर्ग येथे २९ फेब्रुवारी २०१२ रोजी पहाटे पाचच्या सुमारास आलेल्या टोर्नेडोत आठ जण मृत्युमुखी पडले. पहाट असल्याने लोक झोपेत होते, ही बाब दुर्लक्षिता येत नाही.

८ मे २००९ रोजी जॅक्सन काउंटीत कार्बनडेल-मर्फिसबरो परिसराची मोठी हानी झाली. विमानतळावर ताशी १०० मैलांहून अधिक वेगाचा वारा नोंदला गेला. हा टोर्नेडो नव्हता. मेघांच्या विस्तीर्ण पट्ट्यातून सरळ रेषेत वाहणारे हे विध्वंसक वारे होते. त्यांस ‘डेरेचो’ म्हणतात. उन्मळलेले वृक्ष कोणत्या दिशेस पडले आहेत यावरून तज्ज्ञ हा भेद ओळखतात. सरळ वाऱ्यात ते बहुतांशी एका दिशेस पडतात, तर टोर्नेडोत आत वळलेले दिसतात. शंभर वर्षांपूर्वी अशी पाहणी झाली नसती आणि ही घटनाही कदाचित ‘सायक्लोन’ म्हणूनच नोंदली गेली असती.

नोंदींची विश्वसनीयता

यावरून एक पद्धतिशास्त्रीय प्रश्न उभा राहतो. या काउंटीत टोर्नेडो वाढले की घटले? अमेरिकेतील टोर्नेडोंची सरकारी सलग नोंद १९५० पासूनची आहे. त्यापूर्वीची माहिती वृत्तपत्रे, चर्चच्या नोंदी व आठवणी यांतून गोळा करावी लागते. टॉमस ग्रॅझुलिस यांनी वृत्तपत्रे चाळून तयार केलेला, १९९३ साली प्रसिद्ध झालेला बृहद्ग्रंथ हे या दिशेचे महत्त्वाचे कार्य होय. अशा साधनांत घरे पाडणारे टोर्नेडो सापडतात. निर्जन शेतातून वा जंगलातून गेलेले सापडत नाहीत. शिवाय तीव्रतेची श्रेणी हानीवरून ठरते. जेथे पडण्यासारखी इमारत नाही, तेथे प्रबळ टोर्नेडोदेखील दुर्बळ ठरू शकतो. ग्रामीण भागाच्या नोंदींत हा दोष अंगभूत असतो. रडार व भ्रमणध्वनीतील कॅमेरे यांमुळे अलीकडे दुर्बळ टोर्नेडोही नोंदले जातात. म्हणून नोंदींची संख्या वाढली, एवढ्यावरून घटना वाढल्या असा निष्कर्ष काढता येत नाही.

हा दोष टाळण्यासाठी व्हिटोरिओ जेन्सिनी व हॅरल्ड ब्रूक्स यांनी टोर्नेडो न मोजता टोर्नेडोस अनुकूल असलेली वातावरणीय स्थिती मोजली. २०१८ मधील त्यांच्या अभ्यासानुसार १९७९ ते २०१७ या काळात ही स्थिती दक्षिणेकडील महामैदानात कमी होत गेली, तर मिसिसिपीलगतच्या व तिच्या पूर्वेकडील प्रदेशांत वाढत गेली. जॅक्सन काउंटी मिसिसिपीच्या काठावर आहे, हे येथे ध्यानात घ्यावे.

१९२५ च्या घटनेचीही अशीच फेरतपासणी झाली. ‘तीन राज्यांतून एकच टोर्नेडो’ की एकामागून एक आलेले अनेक, हा जुना वाद होता. २०१३ मध्ये रॉबर्ट जॉन्स व सहकाऱ्यांनी मार्गावरील हानीची माहिती नव्याने गोळा करून मांडणी केली. त्यांच्या मते मार्गाचा सुमारे २८० किलोमीटरचा भाग बहुधा एका अखंड टोर्नेडोचा होता. जॅक्सन काउंटीतील तीनही गावे या भागात येतात. सुपरसेल न्यून दाबाच्या केंद्राजवळून, जवळजवळ त्याच्याच गतीने पुढे गेल्यामुळे त्यास अनुकूल हवा दीर्घकाळ मिळत राहिली, असे स्पष्टीकरण त्यांनी दिले आहे.

पूर्वसूचनेच्या मर्यादा

ब्रूक्स व चार्ल्स डॉस्वेल यांच्या अभ्यासानुसार अमेरिकेत टोर्नेडोमुळे होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण १९२५ च्या सुमारास दर दहा लाख लोकसंख्येमागे सुमारे १.८ होते, २००० पर्यंत ते सुमारे ०.१२ वर आले. ही घट मोठी आहे. परंतु याच अभ्यासकांनी असेही दाखविले की, कारखान्यात तयार करून जागेवर आणून ठेवलेल्या फिरत्या घरांत मृत्यूचा धोका पक्क्या घरांच्या सुमारे २० पट असतो. ग्रामीण मध्य-पश्चिमेत अल्प उत्पन्नाची अनेक कुटुंबे अशाच घरांत राहतात. पूर्वसूचना सर्वांना समान मिळाली, तरी आश्रय समान मिळत नाही.

दुसरी मर्यादा विश्वासाची. २२ मे २०११ रोजी मिसूरीतील जॉप्लिन शहरात दीडशेहून अधिक लोक मृत्युमुखी पडले. तेथे भोंगे वाजले होते, इशारा आधी दिला होता; तरीही पहिला भोंगा ऐकून बहुसंख्य लोक लगेच हलले नाहीत, असे नंतरच्या सरकारी पाहणीत आढळले. त्या काळात टोर्नेडोचे सुमारे तीनचतुर्थांश इशारे खोटे ठरत. फिन्लीच्या तक्त्यातील १०० पैकी ७२ हा आकडा येथे आठवतो. तंत्र पुष्कळ सुधारले, घटना टिपण्याचे प्रमाण वाढले. पण दुर्मीळ संकटाचा इशारा अनेकदा फुकट जाणार, हे वास्तव टळलेले नाही. जुन्या खात्याने त्यावर मौनाचा उपाय योजिला. तो चुकीचा होता, याचा पुरावा डी सोटोच्या शाळेत आहे. मात्र नुसता बोलण्याचा उपायही पुरेसा नाही, हे जॉप्लिनने दाखविले.

समारोप

जॅक्सन काउंटीच्या या इतिहासातून तीन निष्कर्ष निघतात. एक, टोर्नेडोची संख्या व तीव्रता यांविषयीची विधाने नोंदींच्या स्वरूपावर अवलंबून असतात. म्हणून स्थानिक आपत्तींचा अभ्यास करताना प्रथम नोंद कोणी, कशी व कोणत्या नावाने केली हे तपासले पाहिजे. दोन, लोक घाबरतील या भीतीने माहिती रोखल्यास लोकांना संकट ओळखता येत नाही आणि ओळखू न आलेले संकटच अधिक घातक ठरते. तीन, पूर्वसूचना ही ओळख, संदेश व आश्रय या तीन दुव्यांची साखळी असून एक दुवा तुटला तरी ती निरुपयोगी होते.

हा प्रश्न आपल्यापासून फार दूरचा नाही. टोर्नेडोने घेतलेले जगातील सर्वाधिक बळी अमेरिकेतील नाहीत; ते २६ एप्रिल १९८९ रोजी बांगलादेशातील दौलतपूर-साटुरिया भागात गेले. तेथे सुमारे १,३०० माणसे मृत्युमुखी पडल्याचे मानले जाते. त्या वादळाचा बारकाईने अभ्यास झालेला नाही. त्रिराज्य टोर्नेडोचा मार्ग मात्र शंभर वर्षांनंतरही गावागणिक तपासला जातो. दोन्हींकडे दगावलेली माणसे बहुतांशी खेड्यांतील आणि लहान गावांतील होती. एकीकडे त्यांची मोजदाद झाली, नोंद राहिली आणि त्या नोंदीतून पुढच्यांसाठी यंत्रणा उभी राहिली. खेड्यातील मृत्यूची नोंद ठेवणे हे वादळशास्त्राचे, आणि कोणत्याही आपत्तिशास्त्राचे, पहिले काम आहे.